निर्णय एक, क्लिक शंभर

ग्रँड स्ट्रॅटेजी या प्रकारातला संगणकावरचा गेम खेळाडूला एका राज्याचा सर्वेसर्वा करतो. तह, सोयरिकी, कर, कर्ज, धर्म, व्यापार, फौज, आरमार सगळे त्याच्या हाती येते. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने २००० साली ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ काढला आणि या प्रकाराला आजचे रूप मिळाले. त्याचे मूळ फिलिप थिबो यांच्या १९९३ सालच्या फ्रेंच पटखेळात होते. ‘क्रूसेडर किंग्ज’, ‘हार्ट्स ऑफ आयर्न’, ‘व्हिक्टोरिया’, ‘स्टेलारिस’ ही सगळी त्याच घराण्यातली नावे. एकेक डाव कित्येक संध्याकाळी चालतो. इतिहासाची, नकाशांची आणि राजकारणाची ओढ असलेली माणसे त्यात रमतात.

या गेमविषयीची एक तक्रार मात्र पंचवीस वर्षे टिकून आहे. निर्णय एकदाच घेतला जातो, पण तो अमलात आणायला माऊस शंभरदा दाबावा लागतो. प्रत्येक नव्या आवृत्तीत यावर काही ना काही उपाय होतो. काही उपाय लागू पडतात, काहींमुळे खेळच पातळ होतो. या पंचवीस वर्षांतले मुख्य मार्ग कोणते, त्यांतून काय साधले आणि कुठे बिनसले, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगतो: क्लिकची नुसती संख्या कमी करून हा प्रश्न सुटत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले आहे, तो प्रश्न गेमने खेळाडूला विचारूच नये. ही कसोटी लावली की कोणता क्लिक ठेवायचा आणि कोणता काढायचा, ते बरेच स्पष्ट होते.

क्लिक वाढतात ते कशामुळे?

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ २०१३ साली आला. त्यातला डाव ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो आणि १८२१ च्या आरंभी संपतो. मधले १,३७,००० हून अधिक दिवस संगणक एकामागून एक पुढे सरकवतो. खेळाडू हवे तेव्हा काळ थांबवतो, हुकूम देतो आणि पुन्हा चालू करतो. सुरुवातीला हाती चार-पाच प्रांत असतात. तिजोरीत एकाच इमारतीपुरते पैसे असतात आणि ती कुठे बांधायची यावर पुढची वीस वर्षे अवलंबून असतात. शेजारी बलाढ्य असतो, दोस्त बेभरवशाचा असतो. या काळात प्रत्येक क्लिकला वजन असते.

दोनशे वर्षांनी तेच राज्य दीडशे प्रांतांचे झालेले असते. तिजोरी भरलेली असते. आता कार्यशाळा कुठे बांधायची हा प्रश्नच उरत नाही; ती सगळीकडेच बांधायची असते. पण गेम दीडशे वेळा विचारतो आणि खेळाडू दीडशे वेळा तेच उत्तर देतो. राज्य जसे वाढते तसे एकेका निर्णयाचे मोल घटते आणि निर्णयांची संख्या मात्र वाढत जाते. जिंकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते त्याच टप्प्यावर खेळणे सर्वांत कंटाळवाणे होते. डाव अर्धवट सोडले जातात त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

दुसरे कारण गेमच्या आयुष्यात आहे. हे गेम एकदा विकून संपत नाहीत. वर्षानुवर्षे त्यांना पुरवण्या जोडल्या जातात. जून २०१५ मधल्या ‘कॉमन सेन्स’ या पुरवणीने प्रांतांचा विकास आणला. राजाच्या प्रशासकीय, राजनैतिक आणि लष्करी गुणांतून मिळणारे गुणांक खर्चून प्रांताची वाढ करायची, एका क्लिकला एक पायरी. कल्पना चांगली होती. छोट्या राज्याला जमीन न जिंकताही मोठे होता येऊ लागले. पण साठलेले गुणांक खर्चण्यासाठी तेच बटण वीस-पंचवीस वेळा दाबण्याची सवयही तिथेच लागली. प्रत्येक पुरवणी अशी थोडी-थोडी कामे वाढवते आणि दहा वर्षांनी त्यांचा ढीग होतो.

एका क्लिकची किंमत

क्लिक म्हणजे बोटाची हालचाल एवढेच नव्हे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि अ‍ॅलन न्यूवेल यांनी १९८० साली संगणकावरच्या कामाला लागणारा वेळ मोजण्याची एक साधी रीत मांडली. त्यांच्या हिशेबात माऊसचे बटण दाबून सोडायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. पडद्यावरच्या लक्ष्यापर्यंत बाण नेऊन नेमका टेकवायला सरासरी १.१ सेकंद, आणि पुढे काय करायचे ते मनात जुळवायला सुमारे १.३५ सेकंद. म्हणजे बोटाचे काम सर्वांत स्वस्त; शोधणे आणि मनाची जुळवाजुळव महाग. लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर तितका वेळ जास्त, हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच दाखवले होते.

हा हिशेब एका प्रांताला लावून पाहू. नकाशावर प्रांत शोधून दाबायचा, इमारतींचे पान उघडायचे, रिकामी जागा दाबायची, मग इमारत निवडायची. चार वेळा बाण न्यायचा आणि चार वेळा बटण दाबायचे, म्हणजे साधारण सव्वापाच सेकंद. असे पन्नास प्रांत असतील तर चार मिनिटांहून जास्त वेळ जातो, आणि त्यात विचार करण्याचा वेळ धरलेलाच नाही. निर्णय मात्र एकच होता: कार्यशाळा बांधा. हेच काम एका एकत्रित यादीतून केले तर दर प्रांतामागे एकच टिचकी लागते आणि वेळ मिनिटभरावर येतो. ‘सगळीकडे बांधा’ असा एकच हुकूम देता आला तर काही सेकंदांत काम होते.

या उदाहरणात दोन वेगळ्या सुधारणा आहेत. पहिलीत काम तेच राहिले, हात जलद झाला. दुसरीत कामाची पातळीच वर गेली. पुढचे सगळे मार्ग या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

पहिला मार्ग: अवजारांना धार

सर्वांत निर्धोक मार्ग अवजारे सुधारण्याचा. नियमांना हात लावायचा नाही, फक्त रस्ता आखूड करायचा. पॅराडॉक्सच्या गेममध्ये शिफ्ट किंवा कंट्रोल दाबून क्लिक केले की अनेक ठिकाणी एकाऐवजी एकदम जास्त नग मागवता येतात. शिफ्ट धरून सैन्याला एकामागून एक मुक्काम सांगता येतात. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ मधल्या मॅक्रो बिल्डरमध्ये इमारत आधी निवडायची आणि मग ती जिथे बांधता येते ते प्रांत एकामागून एक दाबत जायचे. खेळाडूच्या मनातही नेमका हाच क्रम असतो. त्याने ‘कार्यशाळा’ ठरवलेली असते, ‘अमुक प्रांत’ नव्हे. खिडकीची मांडणी मनाच्या क्रमाशी जुळली की मधला शोध गळून पडतो.

‘व्हिक्टोरिया ३’ मध्ये एखाद्या उद्योगाची उत्पादनपद्धत देशभर एकाच जागेवरून बदलता येते. कापडगिरण्यांत नवी यंत्रे आणायची तर प्रांताप्रांतांत फिरावे लागत नाही. कन्सोलवर आल्यानेही या प्रकारच्या गेमच्या मांडणीचा नव्याने विचार झाला. ‘स्टेलारिस’ २०१९ मध्ये आणि ‘क्रूसेडर किंग्ज ३’ २०२२ मध्ये कन्सोलवर आले. तिथे माऊस नसतो, त्यामुळे बारीक बटणांवर बाण टेकवण्याची रीत चालत नाही. मेन्यू मोठे आणि टप्प्याटप्प्याने उघडणारे करावे लागले.

जिथे कंपनी कमी पडते तिथे खेळाडूच पुढे येतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या वर्कशॉपवर मांडणी सुधारणारे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच केलेले बदल, वर्षानुवर्षे हौसेने सांभाळले जातात. २००३ पासून उपलब्ध असलेल्या ऑटोहॉटकीसारख्या मोफत साधनाने एका कळीवर दहा क्लिक बसवता येतात. एकट्याने खेळताना यात कुणाचेही नुकसान नाही. अनेक जण मिळून खेळताना मात्र वाद होतो, कारण घड्याळ सर्वांसाठी एकच चालू असते आणि एकाचा हात यंत्राच्या वेगाने चालतो.

या मार्गाची मर्यादाही इथेच दिसते. अवजाराला धार लावली तरी कामाची गरज संपत नाही. एका कळीवर वीस क्लिक बसवावेसे वाटतात, तेव्हा ते वीस प्रश्न एकच होते हे खेळाडू आपल्या कृतीतूनच सांगत असतो.

दुसरा मार्ग: कारभार एआयच्या हाती

राज्य मोठे झाले की कारभारी नेमावेत, हे कुणालाही सहज सुचेल. गेमच्या इतिहासात मात्र हा मार्ग सर्वांत जास्त वेळा फसला आहे. २००३ साली आलेल्या ‘मास्टर ऑफ ओरायन ३’ मध्ये प्रत्येक ग्रहावर एआयचा कारभारी होता. तो खेळाडूने ठरवलेली बांधकामे बदलून टाकी, आणि का बदलली ते कळत नसे. गेम आपला आपणच खेळतो आणि आपण बाजूला बसून पाहतो, ही भावना लोकांना आवडली नाही.

मे २०१६ मध्ये आलेल्या ‘स्टेलारिस’नेही पुढे जाऊन तीच ठेच खाल्ली. प्रत्येक ग्रह चौकटींत विभागलेला असे, जास्तीत जास्त पंचवीस. प्रत्येक चौकटीत एक इमारत आणि तिथे काम करणारा एक समूह. चौकटींचे काम हातानेच करायचे आणि इमारत सुधारायचीही एकेक करून. म्हणून नियम केला की ठरावीक संख्येपलीकडचे ग्रह सेक्टर नावाच्या गटांत घालून एआयकडे द्यायचे. एआय त्यांवर चुकीच्या इमारती बांधी आणि खेळाडूला ते दुरुस्तही करता येत नसे. सोपवणे सक्तीचे, सोपवलेले काम वाईट आणि त्यात हस्तक्षेपाला बंदी, असे तीन दोष एकत्र आले. डिसेंबर २०१८ च्या २.२ आवृत्तीत चौकटी काढून जिल्हे आणि रोजगार ही रचना आली आणि ती मर्यादाही गेली.

याच मार्गाने यशस्वी झालेला गेमही आहे. २०१० चा ‘डिस्टंट वर्ल्ड्स’ अवकाशातल्या साम्राज्याचा. त्यात खाणकाम आणि मालवाहतूक करणारी जहाजे खासगी क्षेत्राची असतात. ती आपापली धावतात आणि सम्राटाला त्यांची आठवणही ठेवावी लागत नाही. राज्याच्या उरलेल्या प्रत्येक खात्यासाठी तीन पर्याय मिळतात: स्वतः करा, एआयने सुचवावे आणि तुम्ही संमती द्यावी, किंवा पूर्ण एआयवर सोडा. हवे तर सगळे सोडून जहाजांचा एक ताफा तेवढा आपण चालवावा. यातला मधला पर्याय सर्वांत महत्त्वाचा. एआय प्रस्ताव मांडतो, कारण सांगतो आणि खेळाडू हो किंवा नाही म्हणतो. हळूहळू विश्वास बसला की पूर्ण अधिकार देतो. माणसांच्या कचेरीतही अधिकार असेच सोपवले जातात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ने ही कल्पना मोठ्या प्रमाणावर उचलली. पॅराडॉक्सच्या बार्सिलोनाजवळच्या टिंटो स्टुडिओने तो केला. डाव १३३७ पासून सुरू होतो, लोकसंख्या माणसांच्या आकड्यांत मोजली जाते आणि नकाशा आधीच्या खेळापेक्षा कितीतरी बारीक आहे. इतका पसारा एका हाताने आवरणे शक्य नाही, म्हणून व्यापारापासून फौजेपर्यंत बरीच खाती एआयकडे देता येतात आणि हवी तेव्हा परत घेता येतात. नवख्या खेळाडूला एकेक खाते शिकत शिकत हाती घेता येते, हा त्यातला मोठा लाभ. पण कारभारी कितपत शहाणा, यावरच सगळा भार राहतो. एआय दहापैकी दोनदा जरी पैसा वाया घालवत असेल, तरी काळजीपूर्वक खेळणारा माणूस ते खाते परत घेतो आणि सगळे क्लिक पुन्हा त्याच्या माथी येतात.

तिसरा मार्ग: नियमच बदलणे

मला सर्वांत फलदायी वाटतो तो मार्ग हा. इथे कंटाळवाणे काम जलद होत नाही आणि दुसऱ्याकडेही जात नाही. ते ज्या नियमातून जन्मते तो नियमच नव्याने लिहिला जातो.

२००३ च्या पहिल्या ‘व्हिक्टोरिया’त एकोणिसाव्या शतकातली लोकसंख्या शेतकरी, कामगार, कारकून, भांडवलदार अशा गटांत मांडली होती. कारखान्यांना कामगार हवे असले की खेळाडूने शेतकऱ्यांचा गट उघडून त्याचे हाताने रूपांतर करायचे. मोठ्या देशात असे शेकडो गट. २०१० च्या ‘व्हिक्टोरिया २’ने ते बटण काढले. लोक मजुरी, महागाई आणि गरजा पाहून आपणच व्यवसाय बदलू लागले. खेळाडूच्या हाती राहिले कर, कायदे, शिक्षणावरचा खर्च आणि मोजक्या प्रांतांत एखाद्या वर्गाला उत्तेजन देण्याची सोय. क्लिक कमी झाले आणि खेळ इतिहासाच्या जास्त जवळ गेला. कारण कुठलेही सरकार शेतकऱ्याला बोटाने उचलून गिरणीत ठेवत नाही. ते परिस्थिती बदलते आणि माणसे आपला मार्ग शोधतात.

असाच बदल ‘इम्पेरेटर: रोम’मध्ये झाला. एप्रिल २०१९ ला तो आला तेव्हा गुणांक खर्चून एकेका जनसमूहाचा धर्म, संस्कृती किंवा दर्जा क्षणात बदलता येई. त्याच सप्टेंबरात आलेल्या १.२ आवृत्तीने ते गुणांक काढून टाकले आणि हे बदल धोरणांनुसार हळूहळू घडू लागले. ‘क्रूसेडर किंग्ज २’ मध्ये फौज समुद्रापार न्यायची तर जहाजे गोळा करा, फौज चढवा, पोचवा, उतरवा. २०२० च्या ‘क्रूसेडर किंग्ज ३’ मध्ये फौज समुद्राकडे पाठवली की पैसे कापले जातात आणि ती आपली जहाजांत बसते. विखुरलेल्या सरदारांच्या तुकड्या नकाशाभर शोधत बसण्याऐवजी ठरवलेल्या तळावर त्या जमतात. समुद्रप्रवासाचा खर्च आणि किनाऱ्यावर उतरतानाचा धोका तसाच राहिला. गेली ती फक्त हमाली.

‘व्हिक्टोरिया ३’ची वाटचाल तर डोळ्यांसमोर घडली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आला तेव्हा प्रत्येक इमारत सरकारनेच बांधायची होती आणि प्रत्येक मालाचा व्यापारमार्ग हाताने आखायचा होता. मार्च २०२३ च्या १.२ आवृत्तीत खासगी भांडवल स्वतः बांधकामे काढू लागले. जून २०२५ च्या १.९ आवृत्तीत जागतिक बाजार आला आणि भाव पाहून माल आपोआप वाहू लागला. खेळाडू आता जकात, अनुदान आणि करार यांतून त्या प्रवाहाला वळण देतो. पूर्वी तो व्यापाऱ्याचे काम करत होता, आता व्यापारमंत्र्याचे करतो.

‘सिव्हिलायझेशन’ मालिकेतही हा प्रवास दिसतो. १९९१ पासून खेळाडू मजुरांना एकेका चौकोनावर पाठवून रस्ते आणि शेते करवत आला. १९९९ च्या ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’ने मजूर काढून सार्वजनिक बांधकामांचा निधी आणला. मुख्य मालिका मात्र मजुरांना धरून राहिली. फेब्रुवारी २०२५ च्या सातव्या गेममध्ये मजूर गेले. शिवाय नवी वस्ती ‘गाव’ म्हणून सुरू होते. गावाला बांधकामाची रांग नसते, त्याचे उत्पादन पैशांत जमा होते. शहराचा दर्जा द्यायचा की नाही हे खेळाडू ठरवतो. राज्यात वीस वस्त्या असल्या तरी सतत लक्ष मागणारी शहरे मोजकीच राहतात.

चौथा मार्ग: आज्ञांना मर्यादा

क्लिकच मोजून द्यावेत हा विचार धाडसी आहे. ‘मास्टर ऑफ ओरायन ३’च्या मूळ आराखड्यात सम्राटाला दर फेरीत ठरावीकच हस्तक्षेप करता येतील अशी योजना होती, पण गेम बाजारात येण्याआधी ती गळली. पुढे सोरेन जॉन्सन यांनी ती कल्पना वेगळ्या रूपात तडीस नेली. ‘सिव्हिलायझेशन ४’चे मुख्य रचनाकार म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या ‘ओल्ड वर्ल्ड’मध्ये दर फेरीला ‘आज्ञां’चा एकच साठा मिळतो. सैनिक हलवा, मजूर लावा, सगळे त्याच साठ्यातून. राज्याचे वजन वाढले की आज्ञा वाढतात, पण कधीच पुरत नाहीत. त्यामुळे कोपऱ्यातल्या तुकडीला उगाच हलवण्याचा मोह राहत नाही. प्रत्येक क्लिकच्या मागे दुसरा सोडून दिलेला क्लिक असतो, म्हणून त्याला पुन्हा वजन येते. २०१३ च्या ‘टोटल वॉर: रोम २’ने सेनापतीविना फौज नाही आणि फौजांची संख्या मर्यादित, असे दोन नियम करून याच दिशेने पाऊल टाकले होते.

हा मार्ग फेऱ्यांनी चालणाऱ्या गेमला साजतो. घड्याळ सतत चालू असलेल्या गेममध्ये आज्ञांचा साठा बसवणे अवघड आहे, आणि संकटाच्या वेळी ‘आज्ञा संपल्या’ हे उत्तर खेळाडूला पटायला हवे.

युद्ध: जिथे मते दुभंगतात

बांधकामाचे क्लिक गेले म्हणून कुणी हळहळले नाही. युद्धाचे क्लिक काढले तेव्हा मात्र खेळाडूंत उभी फूट पडली. दुसऱ्या महायुद्धावरच्या, २००९ च्या ‘हार्ट्स ऑफ आयर्न ३’ मध्ये दहा हजारांहून जास्त प्रांत आणि तुकडीपासून रणक्षेत्रापर्यंतची संपूर्ण सैनिकी उतरंड होती. रशियन आघाडीवरची प्रत्येक डिव्हिजन हाताने हलवणे म्हणजे दिवसांचे काम. हवे तर वरचे मुख्यालय एआयला देता येई. २०१६ च्या ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ने नकाशावर आघाडीची रेष आणि चढाईचे बाण काढायला दिले. डिव्हिजनी रेषेवर आपापल्या उभ्या राहतात, आणि योजना आखून थोडा काळ थांबलेल्या फौजेला हल्ल्यात बळ मिळते. म्हणजे नियमच नियोजनाला बक्षीस देतात. तरीही शत्रूला वेढ्यात पकडायचे असले की निष्णात खेळाडू निवडक रणगाडा-डिव्हिजनी स्वतः चालवतो. हजारो तुकड्यांचा भार रेषेवर, निर्णायक पाच-सहा तुकड्या हातात. ही विभागणी मला अतिशय समंजस वाटते.

‘व्हिक्टोरिया ३’ने पुढे जाऊन तुकड्या हलवण्याची सोयच काढली. सेनापती आघाडीवर नेमायचा आणि चढाई की बचाव ते सांगायचे. हा अर्थकारणाचा आणि राजकारणाचा गेम आहे, त्यात युद्धाने सगळे लक्ष खाऊ नये, हा हेतू रास्त होता. पण आघाड्या अनपेक्षितपणे फुटत, फौज भलतीकडे जाई, आणि खेळाडूला ते रोखण्याचा उपाय नव्हता. पुढच्या आवृत्त्यांत हे बरेच सुधारले. लोकांचा राग क्लिक गेल्याचा नव्हता. परिणाम भोगायचे आणि कारण कळायचे नाही, याचा होता.

शेजारच्या प्रकारातही हा वाद झाला आहे. १९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये एका वेळी बाराच तुकड्या निवडता येत. २०१० च्या ‘स्टारक्राफ्ट २’ने ती मर्यादा उठवली आणि अनेक इमारतींना एकदम हुकूम देण्याची सोय केली, तेव्हा हाताचे कसब स्वस्त झाले अशी ओरड झाली. तिथे त्या म्हणण्यात तथ्य होते. बोटांचा वेग हा त्या खेळाचा अंगभूत भाग आहे, कबड्डीत दमाला महत्त्व आहे तसा. ग्रँड स्ट्रॅटेजीत काळ थांबवता येतो. इथे कसोटी लागते ती पुढचे ओळखण्याची, आणि बोटाच्या वेगाला बक्षीस देण्याचे काही कारण नाही.

मनगट आणि प्रवेशद्वार

आतापर्यंत कंटाळ्याविषयी बोललो. पण काही खेळाडूंना हेच क्लिक दुखापत करतात. तासन्‌तास एकाच पद्धतीने माऊस धरून बोट दाबत राहिल्याने मनगट, अंगठा आणि कोपरापर्यंतचे स्नायू दुखावतात. दिवसभर कचेरीत तेच काम करून आलेल्या माणसाला रात्री पुन्हा तेच करणे भारी पडते. संधिवात, हाताचा कंप, मेंदूच्या पक्षाघाताचे परिणाम किंवा स्नायूंचे आजार असलेल्यांसाठी तर तो थेट अडसर आहे.

या प्रकारचे गेम खरे तर त्यांच्यासाठी सर्वांत योग्य. काळ थांबवता येतो, घाई नसते, नेमबाजी नसते. ज्याला हाताने फार हालचाल करता येत नाही, तो बुद्धीने इथे कुणाच्याही बरोबरीने खेळू शकतो. शेकडो निरर्थक क्लिक हा दरवाजा बंद करतात. काही सोयी संगणकातच असतात: विंडोजमधल्या माऊस कीजने अंकांच्या कळफलकावरून बाण हलवता येतो, क्लिकलॉकमुळे बटण दाबून धरावे लागत नाही, मॅकवर बाण एका जागी थांबला की क्लिक घडवण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये काढलेल्या अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरला मोठी बटणे आणि पायाने दाबायच्या कळा जोडता येतात. ट्रॅकबॉलने मनगट स्थिर राहते. पण बारा पिक्सेलचे बटण आणि चार पातळ्यांचा मेन्यू यांवर बाहेरचे साधन फार काही करू शकत नाही. प्रत्येक आज्ञेला कळफलकावरची बदलता येण्याजोगी कळ, मोठी करता येणारी अक्षरे आणि बटणे, आणि वारंवारच्या कामांसाठी कायमचा हुकूम एवढे तरी गेमच्या आतच असले पाहिजे. याकडे चैनीची बाब म्हणून पाहणे अन्याय्य आहे.

मग कसोटी कोणती?

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ मध्ये दख्खनमधून मराठा राज्य उभे करता येते. या गेमचा काळ १८२१ पर्यंतचा, म्हणजे स्वराज्याची स्थापना ते पेशवाईचा अस्त सगळे त्यात बसते. मराठी खेळाडूला ते राज्य घडवण्याचा आनंद निराळाच. पण खऱ्या स्वराज्यात शिवाजी महाराज एकेका किल्ल्याच्या कोठारातले धान्य मोजत बसले नव्हते. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असत, एकट्याच्या हाती किल्ला नसे, आणि प्रत्येकाचे काम नेमून दिलेले असे. वर अष्टप्रधान होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले, त्यात किल्ला कसा राखावा, आरमार कसे ठेवावे, व्यापाऱ्यांशी कसे वागावे याची धोरणे सांगितली आहेत. नीट घालून दिलेले धोरण, नेमलेला माणूस आणि त्याच्यावर नजर, अशा रीतीने राज्य चालले. राज्य चालवण्याचा गेमही याच रीतीने रचता येतो.

सगळ्या मार्गांकडे एकत्र पाहिले की चार निकष हाती येतात. पहिला, खेळाडूचे उत्तर दर वेळी तेच येत असेल तर प्रश्न काढून धोरण आणा. ‘या भागात वीस टक्क्यांहून जास्त परतावा मिळेल तिथे बांधा’ असा कायमचा हुकूम देता यावा. दुसरा, सोपवणे ऐच्छिक, दिसणारे आणि परत घेता येणारे असावे. कारभाऱ्याने काय केले आणि का केले ते एका जागी वाचता यावे. तिसरा, एआय निष्णात खेळाडूइतका हुशार नसला तरी चालेल, पण त्याने उघड मूर्खपणा करू नये, नाहीतर सोय कागदावरच राहते. चौथा, निर्णायक क्षण खेळाडूच्या हाती ठेवावा. वेढा कुठे फोडायचा, तह कोणत्या अटींवर करायचा, वारस कोण, हे क्लिक कितीही लागले तरी लोक आनंदाने करतात.

अवजारे सुधारणे आज लगेच करता येते आणि ते प्रत्येक जुन्या गेममध्येही व्हायला हवे. एआयचे कारभारी मोठ्या पसाऱ्याला लागतीलच. पण खरा फरक पडला तो ‘व्हिक्टोरिया २’मधल्या लोकसंख्येने, ‘क्रूसेडर किंग्ज ३’मधल्या जहाजांनी आणि ‘व्हिक्टोरिया ३’मधल्या बाजाराने, म्हणजे जिथे रचनाकारांनी आपल्याच नियमाला हात घातला तिथे. हे काम महाग आहे, जुन्या खेळाडूंची नाराजी ओढवणारे आहे आणि जाहिरातीत नव्या प्रांतांसारखे झळकत नाही. तरी नवा गेम आखताना पहिल्याच दिवशी एक प्रयोग करावा: राज्य दोनशे प्रांतांचे झाले आहे असे धरून एक वर्ष खेळून पाहावे आणि प्रत्येक क्लिकपाशी विचारावे, इथे दुसरे उत्तर देणारा कुणी समंजस माणूस असेल का? नसेल, तर तो क्लिक गेम बाजारात येण्याआधीच काढून टाकावा.